खूण केलेली पानं

पत्त्याच्या पानावर शाई बसत नाही. रबरी शिक्का पॅडवर दाबून पानावर उठवला की क्षणभर ठसा सुरेख दिसतो. मग शाई कडांकडून आक्रसू लागते, तिचे बारीक मणी होतात आणि बोट लागलं की जांभळा फराटा तेवढा उरतो. यात शिक्क्याचा दोष नाही, शाईचाही नाही. पानावरचा चकचकीत लेप असतोच मुळी त्यासाठी, की त्यावर काही बसू नये. घामेजलेली बोटं, चहाचा थेंब, चिवड्याचं तेल, यातलं काहीही पानावर टिकलं तर ते पान ओळखू येईल. आणि ओळखू येणारं पान खेळातून बाद.

म्हणून भेटकार्डासाठी पान हाती घेतलं की पहिलं काम काचकागदाचं. बारीक दाण्याचा तुकडा गोल गोल फिरवत पानाची चमक उतरवायची. राणीच्या गालावरचा तजेला जातो, लाल रंग विटकरीकडे झुकतो, पांढरी जागा जराशी खरखरीत होते. मग वाटलं तर पातळ केलेल्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक हात. तो वाळला की पान कागदासारखं वागायला लागतं. काचेवर आणि प्लास्टिकवरही धरणारी शाई हल्ली मिळते, ती वापरली तर घासण्याची गरजच नाही. पण तिचा वास घरभर राहतो, पॅड महाग असतो आणि खरं सांगायचं तर घासण्याचं काम मला आवडतं. पान ‘बिघडतं’ ते त्याच वेळी.

पत्त्यांच्या कॅटाकडे नीट पाहिलं तर ओळख लपवण्यासाठी किती खटपट केलेली असते ते दिसतं. बावन्न पानांची पाठ तंतोतंत सारखी. पान एकाच जाड कागदाचं नसतं, दोन कागद चिकटवून केलेलं असतं, आणि चांगल्या कॅटात मधला गोंद मुद्दाम काळपट ठेवतात, म्हणजे दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं चित्र दिसू नये. कोपऱ्यात नखानं खोलगट रेघ उठवली की घरातली मुलं एकमेकांवर ओरडायची, ‘खूण केली, खूण केली!’ त्या वयात ती चोरीच असायची. भेटकार्डाचं सगळं याच्या उलट. ते एकाच माणसासाठी असतं, ते कुणी पाठवलं हे पाकीट उघडताक्षणी कळावं लागतं, आणि त्यावर खूण नसेल तर ते पाठवायचंच कशाला? माझा छंद म्हणजे उघड उघड पानांवर खुणा करण्याचा आहे. खेळात ज्यासाठी भिडूंनी मला उठवून लावलं असतं, तेच मी टपालानं करते.

पानांच्या पाठीवरची नक्षीसुद्धा तशी अलीकडची. युरोपात कित्येक शतकं पानांची पाठ कोरीच असे आणि कोऱ्या पाठीवर डाग लगेच दिसत. हे डाग आणि खुणा झाकण्यासाठी मग जाळी, ठिपके, वेलबुट्टी आली. पण जोवर पाठ कोरी होती तोवर जुनं पान हा घरातला सर्वांत हाताशी असलेला जाड कागद होता, आणि माणसांनी त्याचं काय काय केलं! १६८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत सैनिकांचे पगार थकले, फ्रान्सहून नाण्यांचं जहाज काही येईना. तिथला कारभारी जाक द म्यूल यानं गावातले पत्ते गोळा केले, पानांवर किंमत लिहिली, सही केली आणि तीच पानं चलन म्हणून वाटली. कमी किमतीसाठी पान चक्क कापायचं, अर्धं, पाव. क्रांतीनंतर फ्रान्समध्ये चर्चकडून जप्त केलेल्या ग्रंथांची यादी करायची वेळ आली तेव्हा १७९१ साली सरकारी सूचना निघाली, की प्रत्येक ग्रंथाची नोंद पत्त्याच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर करावी. लांबलचक नावांच्या ग्रंथांसाठी एक्के आणि दुर्र्या राखून ठेवायच्या, कारण त्यांच्या चित्राच्या बाजूलाही भरपूर मोकळी जागा असते! ज्या कारकुनाला हे सुचलं त्याला मी मनोमन गुरू मानते. आणि तत्त्वज्ञ रूसो. म्हातारपणी एकटाच फिरायला जायचा, वाटेत सुचेल ते पत्त्यांच्या पानांवर टिपून ठेवायचा. त्यातली सत्तावीस पानं आजही जपून ठेवलेली आहेत. खिशात मावतं, वाऱ्यानं फडफडत नाही, मांडीवर ठेवून लिहिता येतं. मी प्रवासात पान खिशात ठेवून पाहिलं आहे. रूसोला कळत होतं.

मला पानं मिळतात ती अपुऱ्या कॅटांतून. घरात कॅट पूर्ण राहतो तो पहिली सुट्टी संपेपर्यंत. मग एखादी छक्की सोफ्याखाली जाते, एखाद्या गुलामाचा कोपरा कुणीतरी दातांनी कुरतडतो. काही दिवस जोकरवर बॉलपेननं नाव लिहून काम भागतं. जोकर बिचारा त्यासाठीच जन्मलेला. दुसरं पान गेलं की मात्र कॅट फळीवर जातो. पन्नास पानं धडधाकट असतात आणि तरी त्यांचा उपयोग शून्य. फेकवत नाहीत, खेळवत नाहीत. असे कॅट मला आता नात्यागोत्यातून आपसूक येतात. लोक पिशवीतून आणून देतात, देताना आवाज जरा खाली आणतात. आमच्या आधीच्या पिढीत पत्ते आणि जुगार यांच्यात फारसं अंतर नव्हतं. पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवारी-रविवारी रबर लावून बांधलेले गठ्ठे मिळतात. विकणारा शपथेवर सांगतो, ‘पूर्ण आहे ताई, मोजून घ्या.’ मी म्हणते, पूर्ण नसलेला दाखवा. तो माझ्याकडे जरा काळजीनं बघतो.

या छंदातली खरी मजा आहे ती पानावरच्या चिन्हांत. नुसतं पान कापून रंगीत कागदावर चिकटवलं की कार्ड होतं, पण ते कुणीही करील. पानावर जे छापलेलं आहे ते न झाकता त्यालाच दुसरं काही करून दाखवायचं, ही जुनी युक्ती आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगनमध्ये कोटा नावाच्या प्रकाशकानं १८०५ साली असा अख्खा कॅटच छापला होता. त्यात प्रत्येक बदाम, प्रत्येक किलवर एखाद्या चित्राचा भाग होऊन बसे. कुणाचं डोकं, कुणाची टोपी, कुणाची ढाल. नियम एवढाच, की चिन्हाची जागा आणि आकार हलवायचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपभर या खेळाचं वेड होतं.

आपल्याकडे हे फार सोपं पडतं. चौकट म्हणजे पतंग, हे तर लहान मुलालाही दिसतं. चौकट पंजीला शेपट्या आणि मांजा काढला की संक्रांत झाली. पण चौकट म्हणजे शंकरपाळीही. चौकट दश्शीवरच्या दहा चिन्हांना बारीक टोचे दिले, कडेनं तळल्याचा तपकिरी रंग दिला आणि खाली झाऱ्याचा ठसा उठवला, की दिवाळीचं कार्ड तयार. किलवर म्हणजे बेल, तीन दळं आणि देठ. श्रावणात एका शिवभक्त शेजाऱ्यांना किलवर तिर्री पाठवली होती, त्यांनी ती देवघरात ठेवली. पत्ता देवघरात! इस्पिक हे मुळात पानच दिसतं. मधली शीर आणि लांब टोक दिलं की पिंपळ.

बदामाचं मला कोडं होतं. बदामाकडे पाहिलं की जगाला प्रेम आठवतं आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वाढदिवसाला प्रेमाचं लाल चिन्ह पाठवलं तर ते बुचकळ्यात पडतील. उत्तर दसऱ्याला सापडलं. आपट्याचं पान हातात घेऊन पाहा. दोन गोलसर पाकळ्या, मध्ये खाच, खाचेकडे जाणारी शीर. हा बदामच. त्यावर सोनेरी शाईनं शिरा काढल्या की लाल रंग खालून किंचित जाणवत राहतो आणि पान खरोखर सोन्याचं वाटतं. दसऱ्याला आता माझ्याकडून बदामच जातात. अठ्ठी, नव्वी, दश्शी आधी, कारण जितकं जास्त सोनं तितकं बरं.

राजा-राण्यांना हात लावताना मात्र मला थोडा विचार करावा लागतो. ती माणसं आधीच बदललेली आहेत. बदामचा राजा हा चारांतला एकटा बिनमिशीचा, हे सुट्टीत पत्ते खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी दिसतं, आणि तो तलवार स्वतःच्या डोक्यात खुपसतोय हेही. मूळ फ्रेंच चित्रात त्याच्या हाती कुऱ्हाड होती. ठशावरून ठसा, नकलेवरून नक्कल करत इंग्लंडातल्या कारागिरांनी ते चित्र पिढ्यान्‌पिढ्या कोरलं, त्यात कुऱ्हाडीचं पातं कडेला गेलं आणि नाहीसं झालं, मिशी बारीक होत होत पुसली गेली. चौकटच्या राजानं कुऱ्हाड राखली, पण तो एका बाजूनं बघतो म्हणून एकाक्ष. इस्पिक आणि बदाम गुलामांचंही तेच. कुणी मुद्दाम काही केलं नाही; हात चालत राहिले. तेव्हा मी बदामच्या राजाला फेटा बांधला किंवा इस्पिक राणीच्या हातातल्या फुलाऐवजी चहाचा कप दिला, तर त्या कारागिरांच्या रांगेत शेवटी उभी राहते इतकंच. मिशी मात्र मी त्याला परत देत नाही. ती नसणं हाच त्याचा चेहरा झाला आहे.

‘मग गंजिफा का नाही वापरत?’ असं मला एकीनं विचारलं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हा एकशे वीस पानांचा संच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. पानं गोल, हातानं रंगवलेली, वर लाखेची झिलई. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. हा खेळ आपल्याकडे इराणातून आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, म्हणजे पत्ते भेट म्हणून पाठवणं ही काही माझी कल्पना नव्हे. सावंतवाडीत ही कला विझत आली असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला राजवाड्यातच जागा करून दिली, आणि आज तिथं गेलं तर दरबारात बसून रंगवणारे हात पाहायला मिळतात. मी ते पाहिलं आहे. त्या पानावर शिक्का उठवायचा म्हणजे दुसऱ्याच्या सहीवर सही करणं. तिथं प्रत्येक मत्स्याचा डोळा मागच्या मत्स्यापेक्षा केसभर वेगळा असतो. त्याला आणखी वेगळं करायची गरज नाही. मला हवा असतो कारखान्यातला, शंभर दुकानांत एकसारखा मिळणारा, कुणाचाही नसलेला कॅट.

पान आणि शिक्का यांची गाठ इंग्लंडात फार पूर्वीच पडली होती, तीही फारशी प्रेमाची नव्हे. तिथं पत्त्यांवर कर होता आणि कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर असे. १७६५ पासून तर तो एक्का सरकारचं स्टॅम्प ऑफिसच छापू लागलं. बाकीची पानं कारखानदाराची, एक्का सरकारचा. तो नकली छापला म्हणून रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ साली फाशी दिलं. कर पुढं कमी होत गेला आणि १९६० मध्ये संपला. एक्क्यावरची भपकेबाज नक्षी मात्र अजून जात नाही. आपल्या कुठल्याही साध्या कॅटात इस्पिक एक्का उघडून पाहा, बाकीचे तीन एक्के त्याच्यापुढं गरीब दिसतात.

रबरी शिक्का हा एकोणिसाव्या शतकाचा. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची रीत सापडली, त्या रबराच्या कवळ्या होऊ लागल्या, आणि १८६० च्या दशकात अमेरिकेत पहिले शिक्के तयार झाले ते दंतवैद्यांच्या त्याच कवळ्या भाजायच्या भांड्यांतून. हे वाचल्यापासून कचेरीतला शिक्का मला दात आवळून बसल्यासारखा दिसतो. सहीला पर्याय म्हणून तो आला. रोज शंभर कागदांवर हातानं लिहायचं ते एका दणक्यात, आणि लिहिणारा कोण याच्याशी कागदाला देणंघेणं नको. साहेब बदलला तरी शिक्का तोच.

आमच्याकडे कोर्टाजवळच्या गल्लीत टायपिस्ट, मुद्रांक विक्रेते आणि शिक्केवाले शेजारी शेजारी बसतात. तिथल्या एका शिक्केवाल्या काकांच्या वडिलांच्या काळात खिळे जुळवून, त्यांचा साचा घेऊन, त्यात कच्चं रबर दाबून तापवत. आता संगणकावर मजकूर करतात आणि प्रकाशानं घट्ट होणाऱ्या द्रवातून शिक्का निघतो, अर्ध्या तासात. पहिल्यांदा चाफ्याच्या फुलाचं चित्र घेऊन गेले तेव्हा काकांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

‘मजकूर?’

‘मजकूर नाही. नुसतं फूल.’

‘खाली नाव, हुद्दा?’

‘काही नको.’

‘नुसतं फूल कुठं चालतं?’ ते म्हणाले, पण शिक्का सुबक करून दिला. पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, ‘चाललं का फूल?’

त्यांच्याकडे एक खोका आहे. ऑर्डर देऊन कुणी नेलेच नाहीत अशा शिक्क्यांचा. संस्थांची नावं असलेले ते देत नाहीत, मीही मागत नाही. पण नावं नसलेले, नुसत्या शेऱ्यांचे, त्यांनी मला हवे तेवढे निवडू दिले. ‘तातडीचे’, ‘आवक’, ‘पुन्हा सादर करावे’, ‘सत्यप्रत’. माझ्या कार्डांची चव या शिक्क्यांनी बदलली. परीक्षेला बसलेल्या भाचीला ‘पुन्हा सादर करावे’ पाठवणं बरं दिसत नाही, पण ज्या मैत्रिणीला दर वर्षी नवं पत्र लिहायचं वचन मी देते आणि ती मला देते, तिच्या कार्डावर तो शिक्का अगदी शोभतो. हातानं केलेल्या, जगात एकच असलेल्या कार्डावर मी ‘सत्यप्रत’ उठवते. कचेरीत आयुष्य घालवलेली माणसं त्यावर सर्वांत जास्त हसतात.

स्वतः कोरायचे शिक्के मी खोडरबरावर कोरते. शाळेत भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून पाच पाकळ्यांचं फूल उठवलेलं असतं, त्याचीच ही पुढची इयत्ता. अक्षरं उलटी कोरावी लागतात आणि तिथं देवनागरी उपयोगी पडते. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, सुटी अक्षरं वाकडीतिकडी पळत नाहीत. आधी रेघ सोडायची, मग तिच्याखाली अक्षरं टांगायची. वेलांट्यांनी मात्र भंबेरी उडते. ऱ्हस्व वेलांटी आरशात दीर्घासारखी दिसते, तेव्हा कोरण्याआधी ट्रेसिंग पेपर उलटा ठेवून गिरवून घेणं हाच एक उपाय.

उठवण्याचंही तंत्र आहे. पॅडवर शिक्का घासायचा नाही, टेकवायचा. कागदावर सरळ दाबायचा, डुलवायचा नाही, नाहीतर कडेची रिकामी जागाही शाई सोडते. तरीही दोन ठसे सारखे येत नाहीत. एकाची डावी बाजू फिकी, एकाच्या मध्ये हवेचा पांढरा बुडबुडा. कचेरीत त्याकडे कुणी बघत नाही. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकारानं बघितलं होतं; १९१९ च्या सुमारास तो छापील फॉर्मवरचे शिक्केच चित्रात उठवायचा, तिरके, एकावर एक. माझा कल त्याच्यापेक्षा आपल्या जुन्या पत्रांकडे जास्त आहे. शिवकाळातल्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथं लहानसं मोर्तब, म्हणजे त्याखाली पुढं कुणाला काही घुसडता येऊ नये. माझ्या कार्डांवरही मजकूर संपतो तिथं एक चिमुकला चाफा असतो. घुसडायला कुणी येत नाही, पण माझं मलाच कळतं, आता पेन खाली ठेवायचं.

भेटकार्ड हे प्रकरण परदेशी, हे मला कुणीतरी सुनावतंच. हेन्री कोलनं १८४३ मध्ये लंडनला पहिलं नाताळचं कार्ड छापून एक शिलिंगला विकलं, ते खरं. पण आमच्या घरी संक्रांतीला येणारी कार्डं पाहिलेल्याला ते परकं वाटणार नाही. पोस्टकार्डाएवढा पातळ पुठ्ठा, त्यावर गुलाब, बाजूला सुगड, आणि पाकिटात हलव्याच्या चार दाण्यांची पुडी. टपालाचा शिक्का बसताना हलव्याचा भुगा व्हायचा. काट्यांचा पांढरा चुरा जिभेला लावून आम्ही कार्ड बाजूला ठेवायचो. दिवाळीला ‘क्राय’ची किंवा युनिसेफची कार्डं पाठवणारे काका वेगळे; त्यांची कार्डं शोकेसमध्ये लागत. मला आठवतात ती भुग्याची. त्या पुडीवर छापील काही नव्हतं, फक्त बांधणाऱ्या बोटांची गाठ होती, आणि ती मोठ्या आत्याची की धाकटीची, ते न उघडता ओळखता यायचं.

फोनवर येणाऱ्या शुभेच्छांबद्दल मी तक्रार करणार नाही. पहाटे पाचला कलशाचा फोटो पाठवणाऱ्याच्या यादीत निदान माझं नाव असतं. त्रास होतो तो हस्तकलेच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या तयार सामानाचा. आधीच कापलेली फुलं, आधीच चिकट असलेले मोती, ‘हँडमेड’ असं छापलेलं लेबल. ते एकत्र चिकटवलं की झालं. त्यात हात लागतो तो फक्त पाकिटं फोडायला. याउलट झुरिचमध्ये १९९७ साली फांची श्टिर्नेमान या कलावंतानं सुरू केलेली एक पद्धत मला फार पटते. अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे बरोबर पत्त्याच्या पानाएवढं चित्र करायचं, आणि ते विकायचं नाही; समोरच्यानं केलेलं घ्यायचं, आपलं द्यायचं. एवढ्या मापात मोठेपणा मिरवायला जागा नसते.

कुणाला कोणतं पान, हा हिशेब चालूच असतो. इस्पिक एक्का मी कुणाला पाठवत नाही, कितीही नटलेला असला तरी. काही घरांत त्याचा अर्थ वाईट लावतात. दुर्र्या मी जवळच्यांना पाठवते, कारण जागा भरपूर आणि पान सगळ्यांत हलकं आलं म्हणून रुसणार नाहीत अशी माणसं तीच. गुलाम सरकारी नोकरीतल्या भावाला एकदा गेला, तो अजून बोलून दाखवतो.

गेल्या दसऱ्याला सांगलीच्या मावशीला बदाम सत्ती पाठवली होती. सात बदामांची सात सोनेरी आपट्याची पानं, खाली ‘तातडीचे’. आठवड्यानं तिचा फोन आला.

‘अगं, कार्ड मिळालं. छान केलंयस. ते पान काढून घेतलं मी.’

‘काढून म्हणजे?’

‘ओल्या फडक्यानं सोडवलं. आमच्या कॅटातली बदाम सत्ती कुठं गेली कोण जाणे. जोकरवर लिहून चालवत होतो. आता तुझी घातली.’

मी म्हटलं, मावशी, तुमच्या कॅटाची पाठ निळी आणि माझ्या पानाची लाल, त्यात पुठ्ठ्याचा पापुद्रा चिकटलेला. कुणाकडे आहे ते सगळ्यांना दिसत असेल.

‘दिसू दे की. बदाम सातच खेळतो ना आम्ही. ज्याच्याकडे बदाम सत्ती त्यानं पहिल्यांदा उतरायचं. ते दिसलं तर बिघडलं कुठं? उलट बरं, “कुणाकडंय, कुणाकडंय” विचारत बसायला नको. रमीला नाही घेत ती. तिथं पैशाचा मामला असतो.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पिसताना अडकते तेवढी. दिवाळीला पाठवणार असशील काही, तर चौकट गुलाम पाठव. आणि त्याला काही चिकटवू नकोस.’